ताईची सही

दरवर्षी श्रावण सरता सरता संपादकांचा निरोप येतो, "दिवाळी अंकाचा मजकूर यंदा जरा लवकर द्या." आणि दरवर्षी मी तो निरोप नवरात्राच्या तिसऱ्या-चौथ्या माळेपर्यंत उशाखाली ठेवून स्वस्थ झोपतो. यंदा मात्र त्यांच्याआधी मलाच घाई झाली आहे. आज पितृपंधरवड्यातली तृतीया. परवा सकाळी सात वाजता टॅक्सी येणार आणि मी रुग्णालयात दाखल होणार. तेव्हा जे काही लिहायचे ते आज आणि उद्या. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा, सारे योजल्याप्रमाणे पार पडले तर, माझ्या पोटात दोनाऐवजी तीन मूत्रपिंडे असतील.

तीन कशी, असे तुम्ही विचाराल. मीही विचारले होते. माझी समजूत अशी की, गेलेला बल्ब काढून नवा बसवावा तसे काहीसे करीत असतील. तसे नाही. निकामी झालेली जुनी दोन्ही बहुधा आपापल्या जागी तशीच ठेवतात आणि नवे बसवतात ते पुढल्या बाजूला, ओटीपोटात, बहुतेक वेळा उजव्या अंगाला. तिथल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना त्याच्या रक्तवाहिन्या जोडायच्या आणि त्याची नळी मूत्राशयात सोडायची. डॉक्टरांनी हे सारे मला कागदावर चित्र काढून दाखवले. चित्र अगदीच वाईट होते; डॉक्टर चांगले आहेत.

दुखण्याची कथा थोडक्यात सांगतो, कारण तीत माझी शोभा नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी रक्तदाबाची गोळी सुरू झाली. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला, असा विचार करून ती मी कधी घेतली, कधी नाही. गुडघा दुखतो म्हणून औषधाच्या दुकानातून मनानेच आणलेल्या गोळ्या मात्र नेमाने घेतल्या. थोडक्यात, ज्या घ्यायच्या त्या सोडल्या आणि ज्या सोडायच्या त्या घेतल्या. मूत्रपिंडे बिचारी बोलत नाहीत. बरेचसे काम बंद पडेपर्यंत त्यांची तक्रार नसते. पायांवर सूज आली, तोंडाची चव गेली, तेव्हा रक्त तपासले. क्रिएटिनिन म्हणून एक प्रकार असतो, तो एकाच्या आसपास असावा. माझा सात निघाला.

तेव्हापासून दोन वर्षे आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, मी डायलिसिसच्या यंत्राला जोडलेला असतो. त्यासाठी डाव्या हाताची एक शीर आणि एक धमनी शस्त्रक्रियेने जोडून ठेवली आहे. तिच्यावर बोट ठेवले की आत मांजर घुरघुरल्यासारखे लागते. शेजारचा पाच वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी येऊन माझे मांजर ऐकून जातो. पाणी दिवसाला मोजून. डाळ-भाताचे आणि चहाचे पाणीही त्यातच धरायचे. नारळपाणी वर्ज्य, केळे वर्ज्य. बटाटा भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून टाकायचे. यात सगळ्यात अवघड काय, असे कोणी विचारले तर मी सांगेन, तहान. मला स्वप्ने पडतात ती पाणपोयीची. आणि आता डॉक्टर सांगतात की, नवे मूत्रपिंड चालू लागले की रोज तीन लिटरपर्यंत पाणी प्यावे लागेल. हे ऐकून मी घरी आलो तेव्हा ही म्हणाली, "अहो, हसताय काय एकटेच?"

हिचेच मूत्रपिंड घ्यावे, असे आधी ठरत होते. ठरवले हिनेच. पण माझा रक्तगट ओ, हिचा ए. ओ गटाच्या माणसाचे रक्त कोणालाही चालते, पण त्याला स्वतःला मात्र ओच लागते; असा हा उदार आणि हेकट गट आहे. ही दोन दिवस घुश्शात होती. "तीस वर्षं माझ्या हातचं जेवलात, आणि आता म्हणे रक्त जुळत नाही!" मृत दात्याच्या अवयवासाठी मुंबईच्या प्रतीक्षायादीत नाव घातले होते, पण ती यादी आपल्या गतीने चालते आणि तिथे वर्षे जातात.

मग ताईला कळले. कळले म्हणजे हिनेच फोन केला. मी नको म्हणत होतो, पण दुसऱ्या खोलीत जाऊन नको म्हणत होतो. ताई डोंबिवलीला असते. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, वय एकसष्ट. तिचा रक्तगट ओ. हिचे बोलणे सुरू झाले तेव्हा ताईच्या कुकरची एक शिट्टी फोनवर ऐकू आली, दुसरी व्हायच्या आत ताई "हो" म्हणाली होती. "मी देते की. त्यात विचारायचं काय?"

एकसष्टाव्या वर्षी चालते का? प्रकृती चोख असेल तर चालते. ताईच्या तपासण्या जवळजवळ तीन महिने चालल्या. साखर, रक्तदाब, हृदय, फुप्फुसे, दोन्ही मूत्रपिंडे स्वतंत्रपणे किती काम करतात त्याचा स्कॅन, त्यांच्या रक्तवाहिन्यांचा नकाशा. चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये साठवून आणायची होती. तो कॅन दाजींनी साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत घालून डोंबिवलीच्या लोकलने आणला. शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "ताक का हो?" दाजी सज्जन माणूस. म्हणाले, "नाही, घरचंच आहे."

रक्ताखेरीज पेशींचीही जुळणी पाहतात. सख्ख्या भावंडांत ती पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक, निम्मी जुळण्याचा चारांत दोन आणि मुळीच न जुळण्याचा चारांत एक. आम्ही निम्मे जुळलो. ताई म्हणाली, "लहानपणापासून आपलं इतपतच पटतं." पूर्ण जुळले असते तरी औषधे चुकली नसती. ती चुकतात फक्त एकसारख्या जुळ्यांना. १९५४ च्या डिसेंबरात बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी जगातले पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण केले, ते अशाच जुळ्या भावांचे होते. आपल्याकडे १९७१ साली वेल्लोरला ते साधले. पण माझा-तुमचा देह परक्याला सहजी घरात घेत नाही, मग तो परका सख्ख्या बहिणीकडून का आलेला असेना. त्याचा हा हट्ट दडपण्यासाठी दर बारा तासांनी टॅक्रोलिमस नावाची गोळी घ्यायची. सकाळी नऊ, रात्री नऊ, घड्याळाच्या काट्यावर. आणि ते मूत्रपिंड चालते आहे तोवर जन्मभर. गोळी चुकवण्यात ज्याने नाव काढले अशा माणसाला ही शिक्षा योग्यच आहे. त्या गोळीला पपनस चालत नाही. रक्तातले तिचे प्रमाण भलतेच वाढते. काढे, चूर्णे, शेजाऱ्यांची मुळी, हेही बंद.

हे सारे शरीराचे झाले. आमचे खरे अडले ते कागदावर.

१९९४ च्या कायद्याप्रमाणे जिवंत माणसाने अवयव द्यायचा तो साधारणपणे जवळच्या नातलगालाच. भाऊ-बहीण त्यात येतात. पण ताई माझी बहीण आहे, हे सिद्ध कसे करायचे? तिच्या आधारपत्रावर नवऱ्याचे नाव. जन्माचा दाखला नाही, कारण ती कोकणात आजोळी, घरी जन्मली. शाळा सोडल्याचा दाखला आहे, पण त्यात माहेरचे नाव, आणि ती मुलगी म्हणजेच ही बाई याला पुरावा लग्नपत्रिकेचा. तिच्यात तर मुलीचे नाव 'चि. सौ. कां.' आणि पुढे घरातले लाडके नाव! जुने रेशनकार्ड वाळवीने खाल्लेले. रुग्णालयातल्या समन्वयक बाई तरुण होत्या, पण धीराच्या. म्हणाल्या, "काका, दोघांची नावं, वडिलांचं नाव, आणि ताईंची लग्नाआधीची व नंतरची, दोन्ही नावं एकत्र असलेला एखादा सरकारी कागद शोधा."

असा कागद घरात एकच होता. बाबांच्या ट्रंकेच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, मीच ठेवलेला. २००१ सालचे हक्कसोडपत्र.

पार्ल्याची ही जागा बाबांची. आई आधीच गेली होती. बाबा गेल्यावर वारस आम्ही दोघे. वडिलांच्या स्वतःच्या कमाईच्या मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे १९५६ च्या वारसा कायद्यापासून चालत आलेले आहे. मला ते तेव्हाही ठाऊक होते. पण आपल्यासारख्या घरांत बहिणीने सही करून द्यायची असते, असाही एक कायदा आहे, तो कुठे छापलेला नाही. ताईने सही केली. दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून बाहेर पडल्यावर उसाचा रस प्यालो, आणि भाऊबीजेला मी तिला नारायणपेठी साडी घेतली. त्याच वर्षी दाजींच्या कारखान्याला टाळे लागले होते. घरात दोन शिकणारी मुले. तेही मला ठाऊक होते.

कागद घेऊन मी डोंबिवलीला गेलो. फोनवर सांगून भागले असते, पण गेलो. ताईने चष्मा लावला आणि खिडकीशी बसून तो सबंध वाचला. मला वाटले होते, नावे तेवढी पाहील. ती ओळीवर बोट ठेवून वाचत होती. "'राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय'," तिने मोठ्याने वाचले. मग म्हणाली, "हे मी वाचलंच नव्हतं रे. तू बोट ठेवशील तिथे सही करत गेले."

मी म्हटले, "ताई, तुझा अर्धा वाटा..."

"ती नारायणपेठी," ताई म्हणाली, "पहिल्या धुण्यात रंग गेला तिचा. तुला बोलले नव्हते."

दाजी चहा ठेवायला आत गेले.

घरी आल्यावर हिला सांगितले. ही तेव्हा काही बोलली नाही. रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली, "त्या वेळी मी म्हटलं होतं तुम्हाला. वन्संचं चुलीचं कठीण आहे, सही घेऊ नका इतक्यात." म्हटले होते, हे खरे.

दुसऱ्या दिवशी समन्वयक बाईंना कागद दिला. त्यांना आनंद झाला. "उत्तम! नोंदणीकृत आहे, सगळी नावं आहेत. याच्याइतका चांगला पुरावा क्वचित मिळतो." मी जरा आडवळणाने विचारले की, समजा, बहिणीचे एखादे जुने देणे असले आणि ते या निमित्ताने फेडून टाकावे म्हटले तर? त्यांनी पेन खाली ठेवले. "काका, हे वाक्य तुम्ही इथे बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही." अवयवाचा मोबदला घेणे आणि देणे, दोन्ही गुन्हे. गरिबांची मूत्रपिंडे विकत घेतली जात होती, ते थांबवण्यासाठीच तर तो कायदा झाला. म्हणजे इतकी वर्षे देता येत होते तेव्हा दिले नाही, आणि आता द्यावेसे वाटते तर देवाणघेवाणीचा संशय. मी काही वकील नाही. पुढे काय बसते आणि काय बसत नाही, हे विचारून घ्यावे लागेल. ताईला सांगितले तर ती म्हणाली, "आधी बरा हो. मग भांडू."

मुलाखतीच्या दिवशी ताईला एकटीला आत बोलावले. दाती स्त्री असेल तर अधिक जपावे आणि तिची संमती स्वतंत्र आहे, हे रुग्णाखेरीज दुसऱ्याकडून पडताळावे, असे २०१४ च्या नियमांतच आहे. का, ते डॉक्टरांनी मला सांगितले. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका अधिक असतात आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक. आया देतात, बायका देतात, बहिणी देतात. त्यांच्यापैकी कितीजणींना कोणी बोट ठेवून दाखवलेले असते, याची मोजदाद कशी करणार?

आतल्या दाराला काच होती. ताई पाठमोरी दिसत होती. समोर दोन डॉक्टर, एक बाई आणि चित्रण करणारा कॅमेरा. वीस मिनिटे झाली. मला घाम फुटला. ताई नाही म्हणाली तर, याची ती भीती होती, असे आधी वाटले, नंतर ध्यानात आले की, तिला विचारतील, "भाऊ कसा आहे?" आणि ती खरे सांगेल, याची भीती अधिक होती. बाहेर बसून मी उलटाही हिशेब केला. ताई आजारी असती आणि मी निरोगी असतो तर? होकार दिला असता. पण कुकरच्या किती शिट्ट्यांनंतर, ते मला सांगता येणार नाही.

नंतर संमतीचा अर्ज आला. ताईने पर्समधून चष्मा काढला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. दुर्बिणीने म्हणजे किती छेद? डावे घेणार की उजवे? (बहुधा डावे, त्याची शीर लांब असते, जोडायला सोयीची.) उरलेल्या एकावर माझे कसे चालेल? त्याचे काम पुष्कळसे वाढते, पण रक्तदाब आणि लघवी दरवर्षी तपासायची. कोणी दगावते का? फार क्वचित, पण धोका शून्य नाही. मी दिले आणि याच्या अंगाने ते घेतले नाही तर? तसेही होऊ शकते. पाऊण तास ती विचारीत होती आणि डॉक्टर उत्तरे देत होते. घाई कोणी केली नाही. अर्जात तेच शब्द होते, स्वेच्छेने, कोणाच्याही दडपणाशिवाय. तिने ते वाचले, माझ्याकडे पाहिले नाही, आणि सही केली. आत काय विचारले, काय सांगितलेस, असे मी जिन्यात विचारले. "तुला काय करायचंय?" इतकेच उत्तर मिळाले.

पितृपंधरवड्यात शस्त्रक्रिया नको, असे आमच्या इमारतीतल्या तिघांनी तरी सुचवले. ताईचे मत निराळे. "आई-बाबा या पंधरवड्यात खाली येतात म्हणतात ना? मग बरंच आहे. बघू देत त्यांनाही."

तयारीचे म्हणाल तर घरात दिवाळीची साफसफाई यंदा भाद्रपदातच उरकली. माझी खोली रंगवली, जाड पडदे काढले. गॅलरीत कबुतरांचा राबता होता. त्यांच्या विष्ठेतून येणाऱ्या बुरशीचे माझ्यासारख्याला भय असते, म्हणून जाळी बसवली. मातीच्या कुंड्या शेजाऱ्यांकडे गेल्या. तुळस देताना हिचे डोळे भरले. पुढचे काही महिने गर्दी नको, धूळ नको, बाहेरचे खाणे नको. फराळ घरचा, ताजा आणि बेताचा. दहा घरांची दहा ताटे यंदा घेता येणार नाहीत. तेव्हा मंडळी, राग मानू नका, आणि भेटायला तर मुळीच येऊ नका. फुलेही पाठवू नका. तुमचा सर्दी-खोकला तुम्हाला किरकोळ, पण मला तो महागात पडेल.

दाढेचा एक जुना खड्डा बुजवून घेतला, कारण संसर्ग दडून बसायला तेवढीही जागा ठेवत नाहीत. कावीळ-ब आणि न्यूमोनियाच्या लसी झाल्या. तीन गोळ्यांचे एक खेळणे दिले आहे. नळीने श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर छातीत कफ साठत नाही. मला दोनच उचलतात. शेजारचा पाच वर्षांचा तिन्ही उचलतो. पोटाशी उशी धरून खोकायचेही शिकलो.

ही बॅग भरते आहे. काशीयात्रेला निघावे तशी तिने आधी दोन बॅगा भरल्या होत्या. रुग्णालयाची यादी आली आणि त्यातून नवा दात घासायचा ब्रश, धुता येतील अशा नव्या सपाता, चष्मा आणि कागदांची फाइल एवढेच उरले. कपडे तिथले, अंथरूण तिथले. फाइलमध्ये हक्कसोडपत्राची प्रत तिसऱ्या पानावर आहे. मूळ प्रत मी ट्रंकेत परत ठेवलेली नाही. ती कपाटात वरच ठेवली आहे आणि किल्ली हिच्याकडे दिली आहे.

उद्या शेवटचे डायलिसिस, असे म्हणायचा मोह होतो. पण डॉक्टर म्हणाले, तसे म्हणू नका, काही वेळा नवे मूत्रपिंड चालू व्हायला दिवस लागतात. शस्त्रक्रियेनंतर दर तासाला लघवी मोजतात म्हणे. आयुष्यात माझ्या कुठल्याच कर्तबगारीकडे लोकांनी इतके लक्ष दिलेले नाही.

ताई माझ्यानंतर एका दिवसाने दाखल होणार. आत्ताच तिचा फोन येऊन गेला. मला वाटले, काहीतरी बोलेल. मीही दोन वाक्ये जुळवून ठेवली होती.

"बाळू, नखं कापलीस का?"

"नाही अजून."

"काप मग. संध्याकाळ व्हायच्या आत काप."

साडेपाच वाजले आहेत. नेलकटर कुठे आहे, ते हिला विचारायला हवे.